ठिपक्यांमधली जागा

माझी पुतणी पणजीला कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकते. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी ती डिचोलीला घरी आली ती काळ्या कार्डपेपरचे कापलेले चौकोन घेऊनच. वर्गात दिलेलं काम असं होतं: पांढऱ्या चौकटीत फक्त चार काळे चौकोन ठेवायचे. रंग नाही, अक्षर नाही, माणूस-झाड-घर काही नाही. चौकोन लहानमोठे केले तर चालतील, तिरके ठेवले तर चालतील, चौकटीच्या कडेला अर्धे कापले गेले तरी चालतील. तेवढ्यातून सुव्यवस्था दाखवायची, ताण दाखवायचा, गर्दी, वाढ, धीटपणा, खेळकरपणा दाखवायचा. आणि शिकवणाऱ्या बाईंनी शेवटी आपल्या मनाने एक शब्द जोडला होता, जवळीक. आधीचे सगळे शब्द तिने जेवणापूर्वीच उरकले. गर्दीसाठी चारही चौकोन एका कोपऱ्यात कोंबले, ताणासाठी एक मोठा चौकोन एका इवल्याशा चौकोनाच्या डोक्यावर टोकावर उभा केला. बघताना माझाच श्वास अडकला. जवळीक मात्र दुपारभर वसरीवर पसरून राहिली. एका कागदावर चार चौकोन एकमेकांना घट्ट चिकटवलेले. दुसऱ्यावर दोन-दोनच्या जोड्या, कोपऱ्याला कोपरा टेकलेला. तिसऱ्यावर दोन चौकोन शेजारी, मध्ये नखाएवढी फट, आणि उरलेले दोन लांब कडेला.

संध्याकाळी दिवा लावायला निघालेली आई तिथे थांबली. ऐंशी ओलांडलेली बाई. पोर्तुगीज अमदानीत गावच्या मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. वाकून तिने तिसरा कागद उचलला आणि म्हणाली, "हे बरोबर आहे. बाकीच्यात ते चिकटलेत गो. चिकटले म्हणजे एकच झालं. मग जवळ कोण कुणाच्या?"

एवढं बोलून ती तुळशीकडे गेली. पुतणीने तोच कागद फाइलमध्ये ठेवला. माझ्यामागे मात्र ते वाक्य लागलं.

काळ्या कागदाच्या तुकड्यांना जवळीक कुठून येते? १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म केली होती. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि दार उघडणारी एक चौकट, एवढेच आकार इकडून तिकडे सरकतात. पाहणाऱ्यांना काय दिसलं म्हणून विचारलं, तर बहुतेकांनी गोष्ट सांगितली. मोठा त्रिकोण दांडगट आहे, तो धाकट्याला मारतो, वर्तुळ घाबरून घरात लपतं, मग ती दोघं पळून जातात. नाक-डोळे नसलेल्या आकारांवर माणसं इतक्या सहज माया करतात आणि रागावतात. त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, वोल्फगांग क्योलर यांनी एक टोकेरी आणि एक गोलसर आकार काढून विचारलं होतं, यातला 'ताकेते' कोण आणि 'बालुबा' कोण? टोकेरी तो ताकेते, हे सांगायला कुणाला विचार करावा लागत नाही. आमच्या घरीही लागला नाही.

चार चौकोनांसारख्या अभ्यासाचं मूळ शोधत गेलं की आपण जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेच्या आसपास पोहोचतो. १९१९ साली वायमारला सुरू झालेली ती शाळा. तिथे चित्रकार पाउल क्ले शिकवत होते, कान्डिन्स्की शिकवत होते. कान्डिन्स्कींनी १९२३ मध्ये शाळेत एक प्रश्नपत्रिका वाटली होती. त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ यांत पिवळा, लाल आणि निळा रंग भरा. त्यांचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं: पिवळा त्रिकोण, लाल चौकोन, निळं वर्तुळ. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, बिंदू आणि रेघ यांच्याकडे इतक्या गांभीर्याने पाहणारी माणसं थोडी. पण पिवळ्या त्रिकोणापाशी माझं मन अडतं. माझ्या डोळ्यांना पिवळा रंग गोलच दिसतो, कारण हळदीचं बोट उंबऱ्यावर टेकलं की गोलच उमटतं. ते मी लिहायला शिकण्याआधीपासून पाहिलेलं आहे. आकाराचा अर्थ थोडा डोळ्यात असतो हे खरं, पण बराचसा तो हातात असतो, आणि हात कुठल्या घरात वाढला याला महत्त्व आहे.

आईचा हात मी लहानपणापासून पाहत आले. रांगोळी तिची फार देखणी कधीच नव्हती. मोर, कमळं, कलश या भानगडीत ती पडली नाही. शिरगोळ्याची पांढरी पूड चिमटीत धरायची, मधलं बोट खाली आधाराला, आणि अंगठ्याने पूड अशी सोडायची की ठिपका पडताना आवाज न होता फक्त दिसावा. सारवलेल्या जमिनीवर ती रेघ धरून राहायची. आता टाइल्सवर पूड सरकते, म्हणून ती आधी ओलं फडकं फिरवून घेते. पावसात अंगणात काही टिकत नाही, त्यामुळे चातुर्मासातली गोपद्मं देवासमोर पाटावर. रोज तेहतीस. गोपद्म म्हणजे गाईच्या पावलाची खूण. समोरासमोर दोन बाकदार पाकळ्या आणि मध्ये दुभंग. गाय काढायची नाही, खूरही पुरता काढायचा नाही. दोन पाकळ्या आणि त्यांच्यामधली न भरलेली जागा. लहानपणी मी काढायला बसले की माझ्या पाकळ्या एकमेकींना टेकायच्या आणि आई बोटाच्या टोकाने मधली पूड पुसून वाट मोकळी करायची. कशाला, ते तिने कधी सांगितलं नाही. वसरीवर तिने तो तिसरा कागद उचलला तेव्हा तिच्या बोटांना हेच ठाऊक होतं असं आता मला वाटतं. जवळीक तिने चौकोनांत वाचली नाही. ती तिने हजारो वेळा हाताने मोकळी ठेवलेली जागा होती.

आणि लक्ष्मीची पावलं. मूठ वळून कडेने पिठात टेकवायची, मग जमिनीवर ठसा, वर पाच ठिपके. झालं पाऊल. लक्ष्मीला तोंड नाही, साडी नाही, दागिने नाहीत. आहे ती फक्त दिशा, उंबऱ्यातून आत. कुणीतरी येतं आहे, येऊन आत वस्तीला राहणार आहे, एवढी मोठी आशा चार-सहा मुठींच्या ठशांत मावते. तीच पावलं उलटी काढली तर घरातल्या बायकांच्या अंगावर काटा येईल. चित्रात फरक काय, तर पाच ठिपक्यांची बाजू बदलली. याहून कमी साधनांत याहून मोठी गोष्ट सांगणारा चित्रकार मला माहीत नाही.

खूण अशी घराघरांतून गुण्यागोविंदाने नांदते असंही नाही. तिच्यावर गावं दुभंगतात. आमच्या घराने ते पाहिलं आहे.

१६ जानेवारी १९६७, जनमत कौलाचा दिवस. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, हे मतांनी ठरायचं होतं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. आपण कोण, कुणाचे, कुठल्या भाषेत आपलं घर, असे प्रश्न, ज्यांवर माणसं रात्र-रात्र भांडत होती, ते त्या दोन चित्रांत आणून बसवले होते, कारण कागदावर शिक्का मारणाऱ्या कित्येकांना अक्षर वाचता येत नव्हतं. आई तेव्हा नवी सून. माझे आजोबा फुलाचे. कट्टर फुलाचे, त्यांच्या लेखी ज्ञानेश्वर-तुकाराम जिथले तिथलेच आम्ही. आईचे फोंड्याकडचे मामा दोन पानांचे, तेवढेच कट्टर. त्या दिवसांत आई उंबऱ्यावर रोज फूल काढायची, सासऱ्यांनी सांगितलेलंच होतं. समोरच्या घरातली तिची मैत्रीण तुळशीपुढे दोन पानं काढायची. सकाळी दोघीही आपापल्या दारात वाकलेल्या असायच्या, मध्ये वाट. हळदीकुंकू दोघींनी थांबवलं नाही, पण एकमेकींच्या रांगोळीकडे बघणं थांबवलं, असं आई सांगते.

दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. आजोबा त्यानंतर कितीतरी दिवस जेवताना बोलले नाहीत. आई म्हणते, "मग उंबऱ्यावर फूल काढायला हात धजेना. काढलं तर हरलेलं फूल. नाही काढलं तर आपणही हरलं म्हटलं असं झालं." म्हणून तिने नुसते ठिपके घालायला सुरुवात केली. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, ज्यांतून काही होत नाही. तिची रांगोळी तशी साधी का, याचं कारण मला इतक्या वर्षांनी, चौकोनांच्या त्या संध्याकाळनंतर, जेवताना कळलं. मी समजत होते, तिला येत नाही.

फूल पुन्हा कधी आलं ते तिला आठवत नाही. आलं एवढं खरं. चवथीला पुतणी दारात भलंमोठं फूल काढते आणि त्याच्यात आता नुसत्या पाकळ्या असतात. मला बरं वाटतं आणि थोडं पोटात तुटतंही. मी मराठीत लिहिते, मराठीतूनच देवाशी बोलते, आणि त्या दोन पानांनी राखलेल्या गोव्यात राहते. दोन्ही माझं आहे. आजोबांचं ते मुकं जेवण माझं आहे आणि मामाआजोबांच्या घरी फुटलेले फटाकेही माझेच आहेत. फूल काही महाराष्ट्रासारखं दिसत नाही आणि पानं गोव्यासारखी दिसत नाहीत. माणसांनी त्या खुणांवर आपला जीव ठेवला आणि त्या भरल्या. मग जीव काढून घेतला आणि त्या रिकाम्या झाल्या, पुन्हा कुणाच्याही अंगणात जायला मोकळ्या. खुणेचं हे मोकळं होणं मला दिलासा देणारं वाटतं. शब्दांचं असं होत नाही. त्या वेळी बोललेले शब्द अजून काही घरांत जपून ठेवलेले आहेत.

काही खुणा मात्र मोकळ्या होऊ नयेत असं वाटतं. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे दगड, आहेत, काहींवर जहाजं आणि समुद्रातली लढाई कोरलेली. गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंबांच्या काळातल्या आरमाराची ती आठवण. लोक जहाजांपाशी थांबतात. मी सतीशिळांपाशी थांबते. एक खांब, त्यातून फुटलेला हात, कोपरात काटकोनात वर वळलेला, पंजा उघडा, मनगटात चुडा. वर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्रकोर. संपलं. जिवंत जळालेल्या बाईची गोष्ट सांगायला पाथरवटाने एवढंच वापरलं. चुडा अभंग आहे म्हणजे ती सवाष्ण गेली, गोळा आणि कोर आहेत म्हणजे चंद्र-सूर्य असेतो हे राहील. अनंतकाळ दाखवायला एक वर्तुळ आणि एक अर्धवट वर्तुळ! कला म्हणून पाहिलं तर यात एक रेघ जास्त नाही. आणि तेच मला सहन होत नाही. काटकसर इतकी नेमकी आहे की आत जळणारं माणूसच गाळलं गेलं. आई अशा शिळेपुढे हात जोडते, मला जोडवत नाहीत, पण तिच्या जोडलेल्या हातांना मी काही म्हणू शकत नाही. पुतणीने वहीत तो हात उतरवून घेतला आणि विचारलं, "आत्या, हिला चेहरा का नाही?" तो प्रश्न मी तसाच ठेवला आहे. कोरायला सोपं जावं म्हणून, हे त्याचं एक उत्तर. चेहरा दिला असता तर गावाला त्या वाटेने रोज जाता आलं नसतं, हे दुसरं. मला दुसरं खरं वाटतं.

गाळणं ही गोष्ट चित्रकलेत फार मानाने सांगितली जाते. गोमंतकीय आईबापांच्या पोटी १९२४ मध्ये नागपूरला जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांनी तर जन्मभर गाळतच आणलं. सुरुवातीला त्यांच्यावर क्लेंचा प्रभाव होता, मग माणसं गेली, वस्तू गेल्या, रेघसुद्धा गेली, उरला तो रंगाचा थर आणि त्यातून कुठेतरी वर येणारा उजेड. आपल्या कामाला ते अमूर्त म्हणू द्यायचे नाहीत. कशाचं तरी अमूर्त रूप, असं त्यात काही नाही, असा त्यांचा आग्रह. अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासशी झुंजणं कठीण झालं तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटनं केली. कुठल्यातरी लिपीतली अक्षरं वाटावीत, पण कुठल्याच लिपीत नसलेली. मी त्यांच्या मोठ्या तैलचित्रांपेक्षा या रेखाटनांच्या बाजूची आहे. जाणकारांना हे पटणार नाही, पण त्यांत मला हात दिसतो: कुठे दाबला, कुठे उचलला, कुठे शाई संपत आली. त्या खुणांना अर्थ नाही म्हणून त्या मुक्या होत नाहीत. आईचे ते १९६७ नंतरचे ठिपके, ज्यांतून काही होत नाही असं ती म्हणते, ते मला याच जातीचे वाटतात. त्यांत काही सांगायचं नाही, असंच तिने ठरवलं होतं, आणि तेवढं मात्र ते फार स्पष्ट सांगत होते.

पाऊस ओसरल्यावर पुतणीला घेऊन मी पणसायमळला गेले. रिवणच्या पुढे, कुशावती नदीच्या काठावर, जांभ्या कातळावर कोरलेली चित्रं. जाणकारांच्या लक्षात ती १९९३ मध्ये आली. आता कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या संभाव्य यादीत, २०२२ पासून, त्यांचंही नाव आहे. ती किती जुनी यावर अभ्यासकांचं एकमत नाही, हजारो वर्षं एवढ्यावर सगळे येतात. उन्हात कातळ सपाट तांबूस दिसतो. पाणी पडलं की खाचा काळ्या होतात आणि एकदम बैल उठून उभे राहतात, लांब शिंगांचे, पाठीच्या एकाच रेघेत सगळा जोर असलेले. हरणं आहेत, बाई आहे. बैल पाहून काय ते कळतं, त्याला विचारावं लागत नाही. आणि त्यांच्यातच एक गोल चक्रव्यूह आहे. वर्तुळात वर्तुळ, त्यात वर्तुळ, मधून एक वाट. तो बैलासारखा कशासारखाच नाही. ज्याने किंवा जिने बैल इतका ओळखू येईल असा काढला, त्या हाताला हवं ते काढता येत होतं. तरीही त्याने हे काढलं. म्हणजे डोळ्यांनी दिसत नाही असं काहीतरी त्याच्या मनात होतं आणि त्यासाठी त्याने आकार शोधला. गर्भ म्हणा, मरणानंतरची वाट म्हणा, ऋतूंचं फिरणं म्हणा, वेगवेगळी माणसं वेगवेगळं सांगतात. मला त्यातलं एकही नाकारावंसं वाटलं नाही आणि एकाचीही गरज वाटली नाही.

पाय ठेवायचा नव्हता, म्हणून पुतणी कडेला उकिडवी बसली आणि हवेतच बोटाने वाट चालली. आत जाता जाता तिचं बोट दोनदा उलट्या दिशेला वळलं. मी खाचांकडे बघत होते. तिचं बोट खाचांवरून जात नव्हतं. ते खाचांच्या मधल्या, न कोरलेल्या दगडावरून जात होतं. कोरणाऱ्याने घाम गाळून भिंती खोदल्या होत्या, आणि चालायची वाट होती ती त्याने न शिवलेली जागा.

घरी येऊन तिने आईला मोबाइलवर फोटो दाखवला. हे काय आहे, असं आईने विचारलं नाही. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "यात ठिपके आधी कुठे घातले असतील?" पुतणी म्हणाली, दगडावर कशाला कोण ठिपके घालेल, मधूनच सुरू केलं असणार. आई म्हणाली, मधून सुरू केलं तर बाहेर येईपर्यंत गोल बिघडतो, करून बघ. मग जुन्या कॅलेंडरची मागची बाजू, पेन्सिल, आणि दोघीजणी जेवायच्या टेबलावर. आईचा हात आता थरथरतो, त्यामुळे ठिपके ती सांगते आणि पुतणी घालते. बाहेरचे दोन वेढे नीट जमले. तिसऱ्याला वाट बंद झाली, पुसावं लागलं. आता वाद आहे तो तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं यावर. पुतणीचं म्हणणं नदीकडे, कारण माणसं तिथूनच आली असणार. आईचं म्हणणं, पाणी वर चढलं तर आधी तोंडातूनच शिरेल, एवढं तर काढणाऱ्याला कळत असेल.